झऱ्याला वेळ लागतो

जांबोटी मागे पडली आणि मागच्या बाकावरून एक मुलगा ओरडला, "सर, खालचं सगळं ओलं झालंय!" ट्रॅक्स थांबवून मागचं दार उघडलं. तांदळाची पिशवी भिजली होती, तंबूची गुंडाळी भिजली होती आणि वीस लिटरचा निळा कॅन आडवा पडून होता. त्याची तोटी स्टोव्हच्या खोक्याखाली दाबली गेली होती. बेळगाव सोडल्यापासून थेंब थेंब गळत गळत त्याच्या तळाशी सात-आठ लिटर पाणी उरलं होतं.

एप्रिलचा दुसरा आठवडा. आठवी-नववीतली बारा मुलं आणि आम्ही दोघं मोठे, असे चौदा जण दोन दिवसांच्या मुक्कामाला निघालो होतो. पाणी म्हणून वीस-वीस लिटरचे दोन कॅन आणि प्रत्येकाची एक बाटली. बाटल्या पिरनवाडीपासूनच रिकाम्या व्हायला लागल्या होत्या. कॅन गळला हे खरंच, पण तो गळला नसता तरी माझा हिशेब चुकलेलाच होता. चौदा जण, दोन दिवस, चाळीस लिटर. म्हणजे माणशी दिवसाला दीड लिटरही नाही आणि त्यातच स्वयंपाक. आदल्या डिसेंबरात हेच दोन कॅन नेले होते आणि परत येताना एक अर्धा भरलेला होता. डिसेंबरचा हिशेब मी एप्रिलला लावला.

आमच्याकडे ही चूक सहज होते, कारण पाणी कमी पडेल असं या मुलखात कुणाला वाटतच नाही. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला पाऊस कसा पडतो ते आम्ही लहानपणापासून बघत आलोय. आमगावच्या पावसाने काही वर्षी पावसासाठी प्रसिद्ध असलेल्या आगुंब्यालाही मागे टाकलंय. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला वाहत जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते. तिथून फार लांब नाही, भीमगडच्या रानात म्हादईचा उगम आहे, ती पश्चिमेला गोव्यात उतरून समुद्राला मिळते. एकाच डोंगराच्या पाठीवर पडलेला पाऊस अर्धा बंगालच्या उपसागरात आणि अर्धा अरबी समुद्रात जातो. अशा ठिकाणी तहान लागेल म्हणून कोण भीत असेल? ऑगस्टमध्ये चोर्ल्याच्या रस्त्याने जाऊन बघा, डोंगराच्या प्रत्येक वळीतून पाणी धावत असतं.

पण तो ऑगस्ट. इथली सपाट माथ्याची पठारं जांभ्याची आहेत. जांभा म्हणजे भोकाभोकाचा दगड, वरून पाणी पितो आणि आत धरून ठेवतो. पावसाळा संपला की खालच्या घट्ट थराशी, जिथं पाण्याला आणखी खाली जायला वाट मिळत नाही तिथं, ते बाजूने पाझरायला लागतं. तोच झरा. ऑक्टोबरात तो मनगटाएवढा असतो, जानेवारीत करंगळीएवढा, आणि एप्रिलमध्ये कित्येक ठिकाणी दगड नुसता ओला दिसतो. मागच्या दसऱ्याला बघितलेला ओढा आठवून एप्रिलमध्ये तंबू टाकायला जाणाऱ्याला तिथं वाळलेली पानं आणि गोल गोटे मिळतात. आम्हाला तेच मिळालं.

आम्ही उतरलो ती जागा एका वाडीच्या खालच्या अंगाला, ओळखीच्या शेतकऱ्याच्या पड शेतात होती. रानात आत राहायचं नव्हतं. भीमगड २०११ साली अभयारण्य झालं आणि आत वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, करूही नये. शेताच्या वर आठ-दहा कौलारू घरं. पहिल्या घराच्या अंगणात साठीच्या एक मावशी शेणी रचत होत्या. मी रिकामा कॅन घेऊन गेलो आणि विचारलं, "मावशी, पाणी मिळंल काय थोडं? आमचा कॅन गळला."

"किती जण हाईसा?"

"चौदा."

त्यांनी खाली शेताकडे बघितलं. मुलं सावलीला बसली होती, एक-दोघांनी टोपीने वारा घ्यायला सुरुवात केली होती.

"पोरं उन्हातनं आल्यात," त्या म्हणाल्या. "प्यायला पाणी नाही म्हणू नये. हाय की. पण झऱ्याला वेळ लागतोय ओ सर."

आत जाऊन त्यांनी पितळेच्या दोन घागरी बाहेर आणल्या. तोंडावर धुवट फडकं बांधलेलं होतं. त्यांनीच ते सोडलं, कॅनच्या तोंडावर धरलं आणि घागर तिरकी केली. एक थेंब बाहेर सांडला नाही. दुसरीही ओतली. मी पैसे द्यायला खिशात हात घातला तर त्यांनी नुसती मान हलवली आणि शेणी रचायला परत बसल्या. "झऱ्याला वेळ लागतोय" हे वाक्य मी ऐकलं होतं, पण माझ्या डोक्यात ते शिरलं नव्हतं. घरात पाणी आहे, त्यांनी दिलं, आपली सोय झाली, एवढंच मला कळलं होतं.

संध्याकाळी खिचडी केली. तळाला लागली. करपलेलं पातेलं मी त्या पाण्याने दोनदा विसळलं आणि पाणी बांधावर ओतलं.

पहाटे पाचला जाग आली ती भांड्यांच्या आवाजाने. वरच्या पाऊलवाटेने बायका खाली येत होत्या, डोक्यावर कळशा, हातात टॉर्च. मी मागोमाग गेलो. शेतापासून दोन-तीनशे पावलांवर एका जांभळीच्या मुळाशी दगड रचून केलेला खड्डा होता, फार तर आपल्या स्वयंपाकघरातल्या परातीएवढा. वरच्या बाजूला जांभ्याची ओली भिंत. तिच्यातून पाणी दिसेल असं वाहत नव्हतं, नुसतं चमकत होतं. त्या मावशी खड्ड्याच्या काठावर उकिडव्या बसल्या होत्या. हातात नारळाची करवंटी. करवंटी पाण्याला अलगद टेकवायची, गाळ हलू न देता अर्धी भरायची, घागरीच्या तोंडावरच्या फडक्यात ओतायची. परत टेकवायची. मी मोजत उभा राहिलो. अकरा करवंट्या झाल्या आणि खड्ड्याचा तळ दिसायला लागला. त्यांनी करवंटी गुडघ्यावर ठेवली आणि बसून राहिल्या.

थांबल्या. भिंत चमकत राहिली. खड्ड्यात पाणी वर यायला लागलं ते डोळ्यांना कळत नव्हतं. एक वाळलं पान तळाला टेकलं होतं ते हळूहळू तरंगलं, त्यावरून कळलं. मग परत अकरा करवंट्या. परत थांबणं. एक घागर भरायला अर्धा तास लागला. मागे तीन बायका नंबर लावून बसल्या होत्या, कुणी घाई करत नव्हतं, हळू आवाजात कुणाच्या तरी लग्नाचं बोलणं चाललं होतं. काल आम्हाला दिलेल्या दोन घागरी म्हणजे या काठावरचा एक तास होता. त्यातला काही भाग मी करपलेल्या पातेल्यात घातला होता.

मावशींनी मला बघितलं. "झोप आली नाही काय सर?" एवढंच विचारलं.

त्याच सकाळी आम्ही सामान आवरलं आणि एक दिवस आधी परतलो. मुलं हिरमुसली. मी त्यांना झऱ्यावर नेलं आणि पान कसं तरंगतं ते दाखवलं. कुणी काही बोललं नाही, पण परतीच्या वाटेत एकानेही बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतलं नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून मुक्कामाला निघताना मी सगळ्यात आधी पाण्याचा विचार करतो. तंबू फाटका निघाला तर झाडाखाली झोपता येतं, शिधा विसरला तर जवळच्या गावात पोहे मिळतात. पाणी मात्र आपण नेलं नाही तर ते कुणाच्या तरी घागरीतून येतं. ट्रेकिंगच्या पुस्तकात, व्हिडिओत सगळे सांगतात की पाणी आपल्या जिवासाठी जवळ ठेवा. ते बरोबरच आहे. मला त्याच्या जोडीला दुसरं सांगायचं असतं, की आपलं पाणी आपण नेणं हा ज्या गावाच्या शिवारात आपण उतरतो त्या गावाचा मान आहे. पाहुणा म्हणून तांब्याभर पाणी घेणं वेगळं आणि चौदा जणांनी दोन दिवस कुणाच्या झऱ्यावर जगणं वेगळं.

आमच्या गावाला तर हे कळायला हवं. बेळगावात तंबूंची मोठी वस्ती उभी राहिली ती डिसेंबर १९२४ मध्ये, काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा. महात्मा गांधी अध्यक्ष झाले ते हे एकच अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांच्या पुढाकाराने टिळकवाडीच्या बाजूला मोकळ्या रानावर 'विजयनगर' वसवलं गेलं आणि येणाऱ्यांना पाणी पुरावं म्हणून तिथं विहीर खोदली गेली. तिला पंपा सरोवर नाव दिलं. तंबू, मांडव, कमानी सगळं गेलं, विहीर राहिली. आजही काँग्रेस विहीर म्हणून ती ओळखली जाते आणि तिथल्या रस्त्याचं नावही काँग्रेस रोड आहे. मी दर वर्षी नव्या मुलांना आधी तिथं नेतो. कठड्याला टेकून आत बघायला लावतो. हजारोंच्या मुक्कामाची तयारी करणाऱ्यांनी आसपासच्या वस्तीच्या आडांवर भिस्त ठेवली नाही, आपली विहीर खोदली. एवढं सांगून झालं की कॅन धुवायला बसवतो.

कॅन धुणं हे निम्मं काम आहे, आणि ते कुणालाच आवडत नाही. गोड्या तेलाचा कॅन कितीही धुतला तरी त्याचा वास उन्हात परत वर येतो. रॉकेलचा, फिनेलचा किंवा शेतातल्या औषधाचा कॅन तर पाण्यासाठी वापरायचाच नाही, तिथं चर्चा नको. पाण्याचा कॅन पाण्यालाच ठेवायचा. खायच्या सोड्याने खळखळून धुवायचा, मग ब्लीचचं पातळ पाणी अर्धा तास आत ठेवून हलवायचं, तोटीतूनही ते जाऊ द्यायचं, कारण शेवाळ धरतं ते तोटीच्या आत. दोनदा स्वच्छ पाण्याने विसळून उघडा, उपडा वाळवायचा. झाकण लावून ओला ठेवलेला कॅन पुढच्या खेपेला काय वास मारतो ते एकदा हुंगलं की परत कुणाला सांगावं लागत नाही.

आणि सगळं पाणी एका भांड्यात कधीच नाही. गळलेल्या कॅनने मला हे शिकवलं. आता वीस लिटरचे मोठे थोडे आणि पाच-पाच लिटरचे जास्त घेतो. उभे ठेवतो, तोट्या वर किंवा आतल्या बाजूला, आणि गाडीत त्यांच्यावर काही रचत नाही. पाच लिटरचा कॅन आठवीतला मुलगाही उचलू शकतो. लिटरला किलो हे वजन चढावर कुणाला माफ करत नाही. सॅकमध्ये पाणी ठेवायचं तर पाठीला चिकटून, खांद्यांच्या पात्यांच्या मध्ये. खाली लोंबकळणारं पाणी माणसाला मागे ओढतं.

किती न्यायचं हे मात्र महिन्यावर आहे. थंडीत माणशी दिवसाला तीन लिटर प्यायला पुरतात. मार्चनंतर चालणं असेल तर चार धरतो, कधी पाच. वर स्वयंपाकाचं आणि भांड्यांचं माणशी दीड-दोन लिटर. चौदा जणांना एप्रिलच्या दोन दिवसांना दीडशे लिटरच्या वर पाणी लागतं, हा आकडा आता माझ्या तोंडात बसलाय. त्या वेळी मी चाळीस घेऊन निघालो होतो. एवढं पाणी पाठीवर जात नाही, म्हणून एप्रिलमध्ये आम्ही जिथवर गाडी जाते तिथंच मुक्काम टाकतो आणि आत फिरून परत येतो. पाणी जिथवर पोचतं तिथवरच आपली धाव, हे एकदा मान्य केलं की बाकीचं सोपं होतं. मुलांना पिताना मोजायला मी सांगत नाही. तहान मारून पाणी वाचवण्यात शहाणपण नाही; उन्हात डोकं दुखायला लागलेला मुलगा चालताना पडतो. लघवी गडद पिवळी झाली तर कमी प्यालास, हे मी स्पष्ट शब्दांत सांगतो, लाजत नाही. आणि जलसंजीवनीची (ओआरएस) एक पुडी नेहमी खिशात असते. ती नसली तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त झालं तर घातक, म्हणून अंदाजाने घालायचं नाही, मोजून घालायचं.

हिवाळ्यात, झरे चांगले वाहत असताना, तिथलं पाणी घेतो. पण ते तसंच पीत नाही. "डोंगराचं पाणी म्हणजे अमृत" असं आमच्यातले जुने लोक म्हणतात आणि मला त्यांच्याशी वाद घालायला आवडत नाही, पण वरच्या अंगाला म्हशी बसल्या असतील की गवे उतरले असतील हे खाली बसून आपल्याला दिसत नाही. निवळशंख पाण्यातही जुलाबाचे जंतू असतात. आधी गाळायचं, मग उकळायचं. पाण्याला खळाळून उकळी आली की एक मिनिट पुरतं. दोन हजार मीटरच्या वर गेलात तर तीन मिनिटं, पण आमचे डोंगर तेवढे उंच नाहीत. चुलीवर उकळलेल्या पाण्याला धुराचा वास येतो आणि चव मरते. दोन भांड्यांत उंचावरून चार-पाचदा खालीवर ओतलं की हवा मिसळते आणि चव परत येते. सरपण कमी असलं तर क्लोरीनची गोळी, पण तीही गढूळ पाण्यात नाही. गाळ असला की औषध गाळातच खर्ची पडतं. तुरटी फिरवून पाणी बसू द्यायचं, वरचं नितळ पाणी काढायचं, मग गोळी, मग अर्धा तास घड्याळ लावून थांबायचं. तुरटीने पाणी दिसायला स्वच्छ होतं, जंतू मरत नाहीत. हे वेगळं सांगावं लागतं, कारण स्वच्छ दिसलं की मुलांचे हात पुढे येतात.

गाळण्याचं शिक्षण माझं घरातच झालेलं. शहापुरात आमच्या घरी नळाला तीन-चार दिवसांनी पाणी यायचं. पाणी आलं की घरातलं प्रत्येक भांडं कामाला लागायचं, हंडे, कळशा, बिंदग्या, दुधाच्या चरव्यासुद्धा. आजी नळाच्या तोंडाला जुन्या नऊवारीचा तुकडा चौपदरी करून बांधायची. शेजारी काही घरांत नवं पाणी आलं की कालचं शिळं म्हणून मोरीत ओतायचे. आजी ओतू द्यायची नाही. ते तुळशीला, मग फरशीला. मला ते फडकं म्हणजे आजीची सोवळ्याची सवय वाटायची. पुष्कळ वर्षांनी वाचलं की बांगलादेशात जुन्या सुती साडीच्या घड्या घालून त्यातून पाणी गाळण्याचा प्रयोग गावोगावी करून बघितला होता आणि कॉलऱ्याचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने कमी झाले. रिटा कॉलवेल या शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ते छापलं. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून असतात आणि किडे साडीच्या पदरात अडकतात. जुनी साडी नवीपेक्षा बरी, कारण धुऊन धुऊन सूत फुगतं आणि भोकं बारीक होतात. ते वाचलं त्या दिवशी आजी असायला हवी होती असं फार वाटलं. माझ्या सॅकमध्ये तिच्या नऊवारीचा एक तुकडा आहे. गाळून झालं तरी उकळणं सुटत नाही, पण गाळताना हात तिच्यासारखेच चालतात.

साठवण्याचं म्हणाल तर गाडी जवळ असली की मी खानापूरचा माठ नेतो. खानापूरच्या मातीचं नाव जुनं आहे, कौलं आणि मडकी दोन्ही तिथली, खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्थाही तिथं आहे. उकळून निवलेलं पाणी रात्री माठात भरायचं, खाली ओली वाळू, भोवती ओलं पोतं. एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात माठाच्या अंगातून पाझरणारं पाणी उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातं आणि सकाळी पहिला घोट घेताना दात शहारतात. पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा माठाचा उपयोग होत नाही, उगीच वजन. माठात तांब्या बुडवायला बंदी आहे. लांब दांड्याचं ओगराळं एकाच्याच हातात, बाकीच्यांनी भांडं पुढे करायचं. सगळं उकळून, गाळून आणलेलं पाणी खिचडीच्या एका हाताने खराब होतं.

भांडी घासायला चुलीची राख आणि अर्धा तांब्या पाणी पुरतं. झऱ्यापासून, ओढ्यापासून सत्तर-ऐंशी पावलं लांब जाऊनच घासायची, साबण असो नसो. आणि पाण्याच्या काठावर तंबू कधीच नाही. चांदण्यात काठावर झोपायला फार छान वाटतं हे मला माहीत आहे, पण दिवस मावळल्यावर ते पाणी गव्यांचं, सांबरांचं आणि अस्वलांचं असतं. माणसाचा वास आला तर ती येत नाहीत आणि त्यांना जायला दुसरं पाणी कुठं आहे?

कणकुंबीच्या बाजूला गेलो की रस्त्यालगत कालव्याचं अर्धवट खोदकाम दिसतं. मुलं विचारतात, हे काय. म्हादईच्या पाण्याचा तंटा मी त्यांना थोडक्यात सांगतो. २०१० साली लवाद नेमला गेला, २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्याने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिलं, त्यात कळसा आणि बंडुरी नाल्यांतून मलप्रभेकडे वळवायचं ३.९० टीएमसी. एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३२ कोटी लिटर. पलीकडे गोव्याची तहान, इकडे हुबळी-धारवाडची तहान, दोन्ही खऱ्या. कोण बरोबर हे मी मुलांना सांगत नाही. त्या आकड्याच्या बाजूला अकरा करवंट्या ठेवून बघा, एवढंच सांगतो. खोदकामाच्या शेजारच्या वाड्यांतही उन्हाळ्यात बायका पहाटे उठतात.

मागच्या एप्रिलला त्याच वाडीखाली परत गेलो. या खेपेला तेरा जण, दोन गाड्या आणि एकशे ऐंशी लिटर पाणी. त्यातले दोन कॅन वाडीसाठी जादा धरले होते. मावशी आता थकल्यात, पण ओळखलं लगेच. "कॅन गळलेले सर," म्हणाल्या. झऱ्यावर आता त्यांची सून जाते. वाडीत मधे बोअर मारली होती, ती मे महिन्यात हवा ओढते असं सून म्हणाली.

मी कॅन अंगणात ठेवले. मावशींनी विचारलं, "कुठलं पाणी?"

"आमच्या आडाचं. शहापूरचं."

त्यांनी तोटी फिरवून ओंजळभर घेतलं, तोंडात थोडं फिरवलं. "चांगलं हाय," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "पण जड लागतंय ओ."

खरंच जड आहे. डाळ शिजायला वेळ लागतो आमच्या आडाच्या पाण्यात. मी तसं सांगितलं तेव्हा त्यांना बरं वाटलं, आपल्या झऱ्याची परीक्षा बरोबर निघाली म्हणून असेल. आत जाऊन त्यांनी फडकं बांधलेली एक कळशी आणली आणि आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलाच्या हातात दिली. मी नको म्हणायला तोंड उघडलं. "चहाला न्या," त्या म्हणाल्या, "चहा ह्या पाण्याचाच करा, त्या पाण्याचा होत नाही."

मुलगा कळशी दोन्ही हातांनी छातीशी धरून उतरला, पायाखाली बघत, एक-एक पाऊल. त्या पाण्याचा आम्ही चहा केला, चांगला उकळून, आणि मावशींना नि सुनेला खाली बोलावलं. सुनेने आधी आमच्या कॅनच्या पाण्याने सकाळची भांडी घासून घेतली, मग पदराला हात पुसत आली. कळशीत तळाला थोडं पाणी उरलं होतं. ते कुणी ओतलं नाही. मावशी जाताना कळशी तशीच उचलून घेऊन गेल्या.